तिसऱ्या माळेला पाय मुरगळला, आठव्या माळेपर्यंत उभी राहीन का?

घेरदार (तिसरी माळ, रात्री १:५०)

झोप येत नाही म्हणून लिहितेय. पाय दोन उशांवर आहे, त्यावर पंच्यात गुंडाळलेलं फ्रीझरमधलं मटारचं पाकीट.

आज गरब्यात दोढिया (गरब्याचाच एक प्रकार) रंगात आला होता. पुढच्या मुलीच्या चणियाचा (घागऱ्याचा) घेर पायात येत होता, तो चुकवायला मी पाय बाहेर टाकला आणि तो नेमका मैदानातल्या खळग्यात गेला. पाऊल आतल्या बाजूला दुमडलं, टक् असं काहीतरी झालं (ऐकू आलं की जाणवलं, सांगता येत नाही, ढोल चालू होता) आणि मी खाली बसले. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्या बडोद्यात गाणारे-वाजवणारे मधोमध बसतात आणि त्यांच्याभोवती हजारो लोकांची रिंगणं एका दिशेने फिरत असतात. त्यातून कडेला येणं म्हणजे वाहत्या नदीतून आडवं जाणं. दोघी मैत्रिणींनी खांद्यावर घेऊन काढलं.

उजवा घोटा, बाहेरच्या हाडाच्या पुढे लिंबाएवढी सूज. टेकवला की कळ येते. मैत्रिणीची आई म्हणाली, "मचकोड छे (मुरगळ आहे), गरम तेलाने चोळून टाक, दोन दिवसांत उतरेल." आमच्या मातोश्रींनी आंबेहळद उगाळायला घेतलीये. बाबा म्हणतात सकाळी फोटो काढू (म्हणजे एक्स-रे). मी नऊ दिवस अनवाणी आहे, त्यामुळे पट्टा-बूट वगैरे काय करायचं तेही कळत नाही. आणि सीझन पास काढलाय. आठव्या माळेला आमच्या ग्रुपचं एकसारखे चणिये घालायचं ठरलंय. उभी राहीन का तोपर्यंत?

सेवउसळ (२:०५)

पास मला दे. चणिया नको.

फिजिओताई (२:२०)

मीही जागीच आहे, नवरात्रात आमचा धंदा तेजीत असतो. अकोट्याला क्लिनिक आहे, दर वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या माळेपासून घोट्यांची रांग लागते.

इथून तुझा पाय बघता येत नाही, म्हणून दोनच गोष्टी विचारते. पडल्यावर लगेच चार पावलं टाकता आली होती का? लंगडत चाललं, पण प्रत्येक पायावर दोनदा वजन गेलं पाहिजे. आणि आत्ता येतात का?

दुसरं, एका बोटाने हाडं दाबून बघ. सुजेवर नको, सूज दुखणारच. घोट्याचं बाहेरचं हाड, त्याची मागची कड, खालच्या टोकापासून वर साधारण सहा सेंटीमीटर. तसंच आतल्या हाडाचं. मग पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीकडून टाचेकडे बोट नेत गेलीस की मध्यावर एक उंचवटा लागतो, तो. आणि आतल्या बाजूला घोट्याच्या किंचित पुढे, कमानीच्या वर येणारं हाड. यातल्या एका जागी जरी हाड दाबून दुखलं, किंवा चार पावलं तेव्हाही आली नाहीत आणि आताही येत नाहीत, तर सकाळी एक्स-रे. नाहीतर बहुतेक वेळा गरज पडत नाही. ही माझी युक्ती नाही. १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी हे नियम मांडले, मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा उगाच फोटो निघू नये म्हणून.

पाऊल वाकडं दिसत असेल, बोटं गार-निळी पडली असतील किंवा बधिर वाटत असतील, तर सकाळचीही वाट बघू नकोस.

तेलाने चोळणं आज अजिबात नाही. आईंना माझा नमस्कार सांग आणि आंबेहळद गरम न करता लावा म्हणावं. कातडी सोलवटली असेल तर तीही नको.

घेरदार (२:३५)

तेव्हा दोन पावलं टाकली नि बसले. आत्ता भिंतीला धरूनही तीनच. बाहेरच्या हाडाचं टोक दाबलं तर डोळ्यांत पाणी आलं, पण ते हाड की सूज, देव जाणे.

फिजिओताई (२:३८)

मग बाबा जिंकले. सकाळी फोटो. आता मटार वीस मिनिटांत काढ, रात्रभर ठेवून झोपू नकोस, कातडी जळते. पाय छातीपेक्षा वर राहील असं बघ. एक उशी पुरत नाही.

तात्या_रावपुरा (चौथी माळ, सकाळी ६:१०)

तुम्ही लोक दोन वाजता जागता म्हणून पाय मुरगळतात!

गमतीचा भाग सोडा. चोळण्याला सरसकट नावं ठेवू नका. हे बडोदं आहे. दांडिया बाजारात जुम्मादादांचं व्यायाम मंदिर आहे, तिथले प्रा. माणिकराव व्यायामाइतकेच हाडं बसवण्यासाठी ओळखले जायचे, लोक लांबून यायचे. माझे वडील त्या आखाड्यातले. मलखांबावरून पडलेल्या पोरांचे हातपाय आमच्या वाड्यात रोज बघितलेत. एक्स-रे न काढता माणसं धावत होती.

निवांत (७:४५)

तात्या, माणिकरावांबद्दल आदर आहेच. पण आज "पहिलवान" अशी पाटी लावून बसलेला प्रत्येक जण त्या तालमीतला नसतो. माझाच किस्सा सांगतो.

क्रिकेट खेळताना पाय मुरगळला. एका मालिशवाल्याकडे गेलो, कुठला ते सोडा. त्याने अंगठ्याने असं रगडलं की मी आई आठवली, काकू आठवल्या, आणि ज्यांना कधी बघितलं नाही त्या पणजीही आठवल्या. वर म्हणाला, "नस पे नस चढ़ी थी, उतार दी." तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी पाय काळानिळा, चप्पल जाईना. फोटो काढला तर पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड, तेच ताई म्हणतात तो उंचवटा, मोडलेलं. म्हणजे तीन दिवस मी पैसे देऊन मोडलेल्या हाडावर रगडून घेत होतो.

नसेवर नस चढत नाही हो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला हाड बांधणारे तीन पट्टे असतात, लिगामेंट. पाऊल आत दुमडलं की ते ताणतात किंवा फाटतात, बहुधा आधी पुढचा. फाटलेल्या पट्ट्याला रगडून काय बसवणार? आतला रक्तस्राव वाढतो, बस.

तात्या_रावपुरा (८:३०)

मान्य. पण अर्धीच गोष्ट सांगितली, माझीच चूक. वडील ताज्या सुजेला हात लावत नसत. आधी विचारायचे, "टेकवतोस का?" टेकवत नसेल तर दवाखान्यात पाठवायचे. तुमच्या ओटावाच्या आधी आमच्या वाड्यात चार पावलं मोजली जात होती, लिहून ठेवली नाहीत इतकंच.

फिजिओताई (८:३४)

तात्या, हे बाकी खरं. लिहून ठेवायला हवं होतं.

घेरदार (चौथी माळ, दुपारी ३:१५)

फोटो काढला. हाड शाबूत. ऑर्थोपेडिक म्हणाले दुसऱ्या दर्जाची मुरगळ, म्हणजे पुढचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. पहिल्या दर्जात नुसतं ताणतं, तिसऱ्यात पूर्ण तुटतं. चार ते सहा आठवडे म्हणाले. मी "आठवी माळ" म्हटल्यावर ते माझ्याकडे न बघता बाबांकडे बघून हसले. मला ते फार लागलं.

क्रेप बँडेज, घोट्याचा ब्रेस, दुखलं तर गोळी. पहिले काही दिवस कुबडी घेऊन अर्धं वजन, मग सोसेल तितकं. प्लास्टर नाही. आई त्यावर नाराज. तिच्या मते प्लास्टर नाही म्हणजे डॉक्टरने मनावर घेतलं नाही.

मेडिकलवाला (३:४०)

रावपुऱ्यात काउंटरवर बसतो म्हणून सांगतो. नवरात्रात लोक उपवासाच्या पोटी दुखण्याच्या गोळ्या मागतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक रिकाम्या पोटी घेऊ नका, जठर सोलून काढतात. कुणाला अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करायची औषधं असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं, तेही मापात. वरून लावायचं जेल बरं, पण ते लावून त्यावर शेक किंवा घट्ट पट्टी नको.

आणि गोळी खाऊन रात्री मैदानात उतरणारे दर वर्षी दिसतात. दुखणं झाकलं जातं, फाटलेलं शिवलं जात नाही.

वाड्यातली_आत्या (४:२०)

घेरदार, तुझा अनवाणीचा नेम आहे म्हणालीस. माझाही चौदा वर्षं होता. एका वर्षी टाचेत काच गेली आणि आमच्या गुरुजींनीच चपला घालायला लावल्या. म्हणाले, नेम शरीराने करायचा असतो, शरीर मोडून नाही. आईच्या कानावर घाल. घटाजवळ बसून आरती कर, पाय पाटावर वर घेऊन. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग.

घेरदार (४:३०)

आत्या, तुमचं नाव काय सांगू, "वाड्यातली आत्या"? 😄 पण खरंच बरं वाटलं. आई म्हणाली ब्रेसवर मोजडी घाल, घरापुरती. ब्रेस घातल्यावर मोजडी जात नाही, भावाचा जुना बूट घातलाय. नेम गेला, शोभाही गेली.

एक_वाचक_मकरपुरा (रात्री ९:००)

बर्फाबद्दल थोडं. आराम, बर्फ, पट्टी, पाय वर, ही चौकडी इंग्रजी अक्षरांनी "राइस" म्हणून जगभर पाठ झाली. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी ती रूढ केली आणि २०१४ मध्ये स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम या दोन्हींनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. २०१९ मध्ये कॅनडातल्या दोन फिजिओंनी "पीस अँड लव्ह" अशी नवी अक्षरं दिली, त्यात बर्फ नाहीच, आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्याही सुरुवातीला टाळा म्हटलंय. मग मटार ठेवायचे की भाजीत घालायचे?

फिजिओताई (९:२५)

दोन्ही. दुखणं कमी व्हायला पहिले दोन-तीन दिवस बर्फ ठेवायला हरकत नाही, कापडातून पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. त्याने लिगामेंट लवकर जुळतं असा दावा मात्र मी करणार नाही. सूज ही सगळीच शत्रू नसते, दुरुस्तीची माणसं त्याच वाटेने येतात.

या नव्या-जुन्या अक्षरांपेक्षा मला एकच बदल महत्त्वाचा वाटतो. पूर्वी सांगायचे पडून राहा. आता सांगतो, सोसेल तेवढं लवकर हलव, लवकर टेकव. पडून राहिलेला घोटा आखडतो, पोटरी वाळते.

घेरदार, पट्टी बोटांच्या मुळापासून सुरू करून वर जा, आठच्या आकड्यासारखे वेढे, टाच उघडी ठेवू नकोस नाहीतर सूज तिथून बाहेर येते. बोटांना मुंग्या आल्या तर सोड. झोपताना काढ. आणि उद्यापासून पाय वर असताना अंगठ्याने हवेत बाराखडी काढ. क ते ज्ञ, दिवसातून तीन वेळा. दुखण्याच्या अलीकडे थांब.

सेवउसळ (९:३०)

ज्ञ काढताना परत मुरगळेल.

घेरदार (आठवी माळ, संध्याकाळी ५:१०)

बघा, मी शहाण्यासारखी वागलेय. बाराखडी नेमाने. कुबडी परवा सोडली. सूज बरीच उतरली, घोट्याखाली जांभळं-पिवळं झालंय, पण दुखत जवळजवळ नाही. घरात लंगडत का होईना चालते. ब्रेस घालून फक्त बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा), अगदी बाहेरच्या रिंगणात, अर्धा तास. फिरकी घेणार नाही. जाऊ? ताई, हो म्हणा ना.

फिजिओताई (५:२५)

ओट्याला धरून उभी राहा. चांगल्या पायावर एकटं उभं राहून हात सोड, सेकंद मोज. मग दुखऱ्या पायावर तेच. मला दोन्ही आकडे सांग.

घेरदार (५:३१)

चांगला पाय ३० च्या पुढे, मीच थांबवलं. दुखरा ४. चौथ्या सेकंदाला आईचा गोडेतेलाचा डबा धरला.

फिजिओताई (५:५०)

याच उत्तराची वाट बघत होते.

हे नीट सांगते, कारण दर वर्षी याच जागी लोक फसतात. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही. पाऊल किती कललंय याची खबर मेंदूला देणाऱ्या बारीक नसांची टोकं त्यात असतात. तू खळग्यात पाय टाकतेस तेव्हा ती खबर जाते आणि पोटरीच्या बाहेरचे स्नायू पाऊल सावरतात, तुला कळायच्या आत. लिगामेंट फाटलं की दोरीबरोबर ही खबरही तुटते. दुखणं आधी जातं, सूज मग जाते, आणि खबर सगळ्यांत शेवटी परत येते, तीही आपोआप नाही, शिकवावी लागते. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. लोक म्हणतात "माझा घोटाच कच्चा आहे". घोटा कच्चा नसतो, त्याचा अभ्यास अर्धवट सोडलेला असतो.

आता गरबा बघ. अनवाणी, अंधुक उजेड, मातीचं मैदान, पायाखालचं दिसू न देणारा घेर, आणि एका दिशेने अखंड फिरणं, म्हणजे बाहेरच्या पायावर दर फेरीत तोच ताण. बे ताळी काय नि त्रण ताळी काय, मागून रेटा आला की तुला चार सेकंदही मिळणार नाहीत. आज अर्धवट फाटलंय, उद्या पूर्ण फाटेल.

नाही.

तात्या_रावपुरा (६:०५)

ताईंना माझं अनुमोदन. आज कोजागरीसाठी दुधाचं गणित मांडत बैस.

घेरदार (६:१२)

रडले थोडी. पास बहिणीला दिला. चणियाही तिलाच झाला. मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहेत.

घेरदार (कोजागरीनंतर)

मधल्या बातम्या. दसऱ्याला फाफडा-जिलबी बसून खाल्ली, त्याला घोटा लागत नाही. कोजागरीच्या गरब्याला गेले, खुर्चीवर. पहिल्यांदाच लक्षात आलं की खुर्च्यांवर किती जण आमच्यासारखे असतात. शेजारच्या काकांना मधुमेह, त्यांचाही पाय आठवड्यापूर्वी मुरगळलेला, "दुखत नाही म्हणून फिरतोय" म्हणाले.

फिजिओताई

त्या काकांना आज दवाखान्यात पाठव. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेली असेल तर हाड मोडलं तरी दुखत नाही, चार पावलांचा नियम तिथे भरवशाचा नाही. लहान मुलांचंही तेच, त्यांनाही डॉक्टरकडेच न्यावं.

तुझी पुढची इयत्ता: रबरी पट्टा पावलाला अडकवून बाहेर ढकलणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर मग एका. आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. रोज. सकाळी डावा, रात्री उजवा, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही.

निवांत

यात माझी भर. महिन्यानंतरही घोट्याच्या वरच्या बाजूला, नडगी आणि बाहेरच्या हाडाच्या मध्ये दुखत असेल, पोटरी दोन्ही बाजूंनी दाबली की खाली कळ जात असेल, तर ती साधी मुरगळ नसते, वरच्या बाजूचे पट्टे दुखावलेले असतात. माझ्या भाच्याचं असं झालं, त्याला बराच जास्त वेळ लागला. "सूज थोडीच आहे" म्हणून सगळ्यांनी हलकं घेतलं होतं.

घेरदार (त्रिपुरी पौर्णिमा)

आज बरोबर सहा आठवडे.

उजवा पाय: ३० सेकंद. डोळे मिटून १२. डोळे मिटल्यावर एवढं अवघड होतं हे मला माहीतच नव्हतं, डाव्यावरही २० च्या वर जात नाही. ऑफिसला जिना चढून जाते. संध्याकाळी थोडी सूज येते, ताई म्हणाल्या काही महिने येऊ शकते. उडी मारायला अजून मन घेत नाही. पायाचं नाही, मनाचंच दुखणं आहे ते. काल कमाटीबागेत गवतावर हळूच दोढिया करून बघितला, ब्रेस घालून, कुणी बघत नसताना. एका माळीकाकांनी बघितलं. त्यांनी ताल धरला.

वाड्यातली_आत्या

पुढच्या वर्षी मैदानात आधी दिवसाउजेडी एक चक्कर मार, खळगे बघून ठेव. आणि घेर चार बोटं वर शिव.

पतंगी_मांजलपूर (१४ जानेवारी, दुपारी १२:४०)

जुना धागा वर आणतोय, माफी. गच्चीवर मागे मागे जाताना पाण्याच्या टाकीच्या पाइपवर पाय पडला. घोटा सुजलाय. खाली सगळे "काप्यो छे" (पतंग कापला) ओरडतायत, मी फिरकीवाल्या मेव्हण्याच्या मांडीवर पाय ठेवून बसलोय. आई गरम तेल आणायला गेलीये. घाईत आहे, काय करू?

घेरदार (१२:४३)

तेल परत पाठवा. चार पावलं टाकता येतात का ते आधी सांगा.